सरकारी वकील आणि कोठ्याची कडी

(पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटककार, दिग्दर्शक आणि कलावंतांसमोर वडसा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, धान निघालं, दिवाळी झाली, की वडशातून नाटकांच्या गाड्या निघतील आणि होळीपर्यंत थांबायच्या नाहीत. त्याआधीच्या थोड्या दिवसांत संहिता दुरुस्त करता येते, म्हणून आज एकाच प्रकारच्या नाटकाबद्दल बोलतो. बायकोवरचा संशय, त्यातून झालेला खून आणि आरोपीला सोडायचंच नाही असा चंग बांधलेला निर्दय सरकारी वकील. आपला प्रेक्षक अशा नाटकाला पहाटेपर्यंत अंगावर घोंगडं ओढून बसतो. संशय त्याच्या ओळखीचा असतो, आणि कोर्टसुद्धा. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणापायी का होईना, तालुक्याच्या कोर्टाची पायरी घरातल्या कुणीतरी चढलेली असते. त्या माणसाला आपण सिनेमातलं कोर्ट दाखवतो आणि तो मनातल्या मनात हसतो. ते हसू घालवायचं असेल तर कोर्टाची रीत नीट शिकून घ्यावी लागेल. ती शिकलात, की हा वकील आपोआप भीतीदायक होतो. त्याला ओरडावं लागत नाही.

आधी रंगमंचावरच्या चुका झटपट काढून टाकू. आपल्याकडच्या न्यायाधीशाच्या हातात लाकडी हातोडा नसतो. साक्षीदाराच्या हाताखाली गीता ठेवत नाहीत. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे तो तोंडी शपथ घेतो, ईश्वराच्या नावानं किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा म्हणून. सत्र न्यायालयात ‘मायलॉर्ड’ म्हणायची गरज नाही, ‘सर’ किंवा ‘साहेब’ पुरतं. काळा कोट आणि गळ्यात पांढरे बँड हवेत. गाऊन मात्र उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातच सक्तीचा आहे. वकील आपल्या टेबलापाशी उभा राहून प्रश्न विचारतो, पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारत नाही. दिग्दर्शकाला हे अडचणीचं वाटेल, कारण नट हलला नाही तर चित्र मरतं असं आपण मानतो. पण एका जागी उभा असलेला वकील हळूच एक कागद उचलतो, तेव्हा सगळ्या मंडपाची नजर त्या कागदावर जाते. ही ताकद फेऱ्या मारून मिळत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. आपल्या बहुतेक संहितांत सरकारी वकील थेट आरोपीवर तुटून पडतो. ‘बोल, तूच खून केलास ना?’ कायद्यात याला जागाच नाही. आरोपीला साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश स्वतः त्याला एकेका मुद्द्यावर विचारतात, तेही शपथेशिवाय, आणि तो गप्प राहिला तरी चालतं. स्वतःच्या साक्षीदाराच्या सरतपासणीत, म्हणजे त्याला आधी विचारायच्या प्रश्नांतही, वकिलाला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. ‘तुम्ही आरोपीला कुऱ्हाड घेऊन जाताना पाहिलं ना?’ हे चालत नाही. ‘तुम्ही काय पाहिलं?’ एवढंच चालतं. मग हा वकील निर्दय दिसणार तरी कुठे?

त्याच्या हाती तीन जागा येतात. पहिली, बचाव पक्षाचा साक्षीदार. त्याची उलटतपासणी सरकारी वकीलच करतो. दुसरी, फितूर झालेला स्वतःचा साक्षीदार. न्यायाधीशांची परवानगी घेतली, की त्यालाही उलटे प्रश्न विचारता येतात. तिसरी जागा नाटककारासाठी सोन्याची आहे. आरोपीनं स्वतः लेखी विनंती केली तर तो बचावाचा साक्षीदार म्हणून शपथेवर उभा राहू शकतो, आणि एकदा उभा राहिला की वकिलाच्या तावडीत सापडला. आरोपी स्वतःहून का उभा राहील? संशयानं पेटलेल्या माणसाला आपली बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. त्याचा वकील हात जोडून नको म्हणतोय आणि हा अर्जावर अंगठा उठवतोय, हा प्रवेश लिहा. दुसऱ्या अंकाचा पडदा तिथेच पडू द्या.

संशयातून झालेल्या खुनाचा खटला बहुतेक वेळा ‘कुणी मारलं’ यावर चालत नाही, ‘कधी मारलं’ यावर चालतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 300 चा पहिला अपवाद सांगतो, की गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात हातून मृत्यू घडला, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हाच अपवाद कलम 101 मध्ये आहे, खुनाची शिक्षा 103 मध्ये आणि सदोष मनुष्यवधाची 105 मध्ये. प्रेक्षकाच्या कानात ‘तीनशे दोन’ बसलेलं आहे. ते वाक्य हवंच असेल तर घटना 1 जुलै 2024 च्या आधीची दाखवा, म्हणजे जुनंच कलम लागतं. पण तारीख आजची आणि कलम जुनं असा घोळ करू नका.

या अपवादाचं मर्म समजून घ्यायचं असेल तर नानावटी खटला नीट पाहावा लागतो. 27 एप्रिल 1959. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना त्यांची पत्नी सिल्व्हिया घरी सांगते, की तिचे प्रेम आहुजा यांच्याशी संबंध आहेत. नानावटी बायकोला आणि मुलांना ठरल्याप्रमाणे सिनेमागृहात सोडतात. तिथून जहाजावर जातात, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या मिळवतात. आधी आहुजांच्या ऑफिसात जातात, ते तिथे नाहीत म्हटल्यावर घरी जातात. आहुजा नुकतेच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभे असतात. तीन गोळ्या सुटतात. मग नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतात. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा त्यांचा बचाव होता. जूरीनं 8 विरुद्ध 1 असं निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली.

आपल्या कामाच्या दोन गोष्टी यात आहेत. एक टॉवेल आणि एक घड्याळ. झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल सुटला असता, तो जागच्या जागी होता. आणि दीडच्या सुमारास घर सोडलं, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या जवळपास तीन तासांत माणूस भानावर यायला पुरेसा वेळ होता, असं न्यायालयानं म्हटलं. इतका गाजलेला खटला, वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती, आणि शेवटी बोलले ते कमरेचा टॉवेल आणि भिंतीवरचं घड्याळ. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. चिथावणी मोजायची ती आरोपीच्याच समाजातल्या, त्याच्याच परिस्थितीतल्या समंजस माणसाच्या मापानं. म्हणजे आपल्या नाटकातला आरोपी धान पिकवणारा असेल, तर माप धान पिकवणाऱ्याचं लागेल. लेखक म्हणून तुमच्या हातात यामुळे केवढं काय येतं, पाहा.

मग एक उलटतपासणी लिहून पाहू. आरोपी शेतकरी आहे. संध्याकाळी शेजारच्यानं बायकोबद्दल काहीतरी सांगितलं, आणि त्याच रात्री बांधीत (धानाच्या शेतात) राखण करणाऱ्या माणसाला यानं कुऱ्हाडीनं मारलं. बचाव असा, की ऐकताक्षणी डोकं फिरलं, पुढचं काही आठवत नाही. सरकारी वकील उठतो. आवाज अगदी मऊ. (सपरी म्हणजे ओसरी, कोठा म्हणजे गुरांचा गोठा.)

‘घरून निघालात तेव्हा पायात काय होतं?’
‘चपला होत्या जी.’
‘त्या कुठे काढलेल्या होत्या?’
‘सपरीत.’
‘म्हणजे सपरीत थांबून चपला घातल्या.’
‘हव.’
‘कुऱ्हाड कुठे होती?’
‘कोठ्यात.’
‘कोठ्याला कडी असेल.’
‘हव जी, हाय.’
‘कडी काढून आत गेलात. कुऱ्हाड घेतली. बाहेर आलात. कडी परत लावली?’

इथे आरोपी थांबतो. त्याला प्रश्नाचा रोख कळत नाही, म्हणून तो खरं बोलतो.

‘लावलो जी. बैल होते आत.’

वकील मान हलवतो, ‘एवढंच’ म्हणतो आणि खाली बसतो. ‘म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर होतं’ हे वाक्य त्याच्या तोंडी अजिबात घालू नका. ते प्रेक्षकाला स्वतःचं स्वतःला कळू द्या. बैल बाहेर जातील याचं भान ज्याला आहे त्याचा ताबा सुटलेला नव्हता, हे मंडपातल्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं. कडी लावण्याच्या त्या एका हालचालीनं सदोष मनुष्यवधाचा खून झाला.

यावर बचावाच्या वकिलाला फेरतपासणी आहे. त्यानं एकच विचारावं, ‘कडी लावायला विचार करावा लागतो का?’ आणि आरोपीनं म्हणावं, ‘नाही जी, हातच लावते.’ ज्याच्या घरी गुरं आहेत त्याला हे पटतं. आता खरी निर्दयता कशात आहे ती बघा. सरकारी वकीलही शेतकऱ्याच्याच घरचा दाखवा. कोठ्याची कडी हात आपसूक लावतो हे त्यालाही ठाऊक आहे, ठाऊक असूनच त्यानं तो प्रश्न विचारला. नटानं इथे फक्त स्वतःच्या हाताकडे एकदा पाहावं.

हा वकील कायदा मोडत नाही, पण कायद्यातला माणूस बाजूला काढून टाकतो. बार कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे. सरकार पक्षाच्या वकिलानं खटला असा चालवावा, की निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही, आणि आरोपी निर्दोष असल्याचं दाखवू शकेल अशी कोणतीही गोष्ट त्यानं दडवू नये. या नियमाला बगल द्यायचं एक बारीक हत्यार कोर्टात रोज वापरात असतं. ते म्हणजे पुरशीस. अर्ध्या पानाचा कागद. ‘साक्षीदार क्रमांक 7 यांस तपासावयाचे नाही’, खाली सही. बऱ्याचदा पुरशीस रास्तच असते, एकच गोष्ट सांगणारे पाच साक्षीदार कशाला उभे करायचे? पण आपल्या नाटकात साक्षीदार क्रमांक 7 म्हणजे दहा वर्षांचं पोरगं आहे. बांधीवर मेलेल्या माणसानं आरोपीला काय म्हणून डिवचलं ते त्यानं एकट्यानं ऐकलं. चिथावणी संध्याकाळी घरी झाली नव्हती, त्या क्षणी तिथेच झाली होती, हे त्याच्या जबाबात आहे. वकील ते वाचतो आणि पुरशीस लिहितो. पेनाचा आवाज माइकवर येऊ द्या.

बचावाकडे त्या जबाबाची नक्कल असतेच, दोषारोपपत्रासोबतच्या नकला आरोपीला फुकट द्याव्या लागतात. म्हणून ‘कागद लपवला’ असं दाखवू नका, ते खोटं पडेल. विधी सेवा प्राधिकरणानं दिलेला तरुण वकील आहे, नकलांचा गठ्ठा जाड आहे, पोलिसांच्या लिखाणातलं अक्षर लागत नाही, आणि ते पान वाचायचं राहून गेलं, असं दाखवा. तिसऱ्या अंकात न्यायाधीश स्वतःच्या अधिकारात त्या पोराला बोलावतात. खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर कोणालाही साक्षीला बोलावायचा अधिकार कोर्टाला आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ देण्याचं बंधन नाही. पण साक्षीआधी न्यायाधीश त्याला साधे प्रश्न विचारून त्याची समज पाहतात. शाळा कोणती, खरं बोलणं म्हणजे काय, खोटं बोललं तर काय होतं. हे प्रश्न कापू नका. इतका वेळ ताणलेला मंडप तिथे जरा सैल होतो, आणि तो सैल झाल्यावरच पोराचं बोलणं आत उतरतं.

विनोदी नटाला काम हवंच, तर त्याला पंच करा, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी साक्षीला उभा केलेला माणूस. ‘सही माझीच हाय जी, पन कागदात काय लिवलं मले माहीत नाही.’ सत्र न्यायालयाच्या बाहेर बसणाऱ्या कोणत्याही पट्टेवाल्याला विचारा, हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल. हसू आल्यावर लगेच त्याची किंमतही दाखवा. पंच फितूर झाला तर कुऱ्हाड आरोपीनं काढून दिली हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. जप्तीचं पाकीट लाखेनं सीलबंद हवं, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी हवी. कोर्टात वस्तूला ‘आर्टिकल’ नंबर पडतो आणि कागदाला ‘निशाणी’. शिवाय 2024 पासून झडती-जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करणं पोलिसांना बंधनकारक आहे. आजचं नाटक असेल तर पोलिसाच्या हातात मोबाइल दिसलाच पाहिजे.

आता वकिलाचं घर. नाटकाला उंची इथे येते, आणि आपण घाई करतो ती इथेच. हा माणूस दिवसा दुसऱ्याच्या संशयाला खून ठरवतो आणि रात्री स्वतःच्या बायकोवर संशय घेतो. त्याच्या तोंडी स्वगत घालू नका. त्याला पुरावे गोळा करताना दाखवा. धुवून पालथे ठेवलेले दोन कप. अंगणातल्या ओल्या मातीत सायकलचा माग. बायकोचा मोबाइल, जो ती झोपल्यावर तो उघडतो. दिवसा याच वकिलानं कोर्टात हरकत घेतली होती, की प्रमाणपत्राशिवाय व्हॉट्सॲपचा छापील कागद पुराव्यात घेता येत नाही. ती हरकत कायद्यानं बरोबरच होती. घरी त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

परिस्थितिजन्य पुराव्याचे नियम सर्वोच्च न्यायालयानं 1984 साली शरद सारडा खटल्यात पाच सूत्रांत मांडले. तोही खटला पुण्यातल्या एका नवविवाहितेच्या मृत्यूचाच होता. त्या सूत्रांचा गाभा असा: प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा. सगळे दुवे आरोपीच्या दोषाशीच जुळणारे हवेत, दुसऱ्या कोणत्याही शक्यतेला जागा उरता कामा नये आणि साखळी कुठे तुटलेली नसावी. ‘असू शकतं’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांच्यातलं अंतर मोठं आहे. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. वकील हे सगळं तोंडपाठ जाणतो. बायको त्याला एवढंच विचारते, ‘दुसरा कप कुणाचा, हे तुम्ही मला विचारलं का?’ ती कायद्याची भाषा बोलत नाही, तरी तिच्या प्रश्नात ती सूत्रं आहेत.

जुन्या संहिता काढून बसवणाऱ्यांना एक इशारा. बायकोच्या प्रियकरावर व्यभिचाराचा खटला भरतो, अशी धमकी आता खोटी आहे. कलम 497 सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. नवरा बायकोचा मालक नाही, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे. ते कलम होतं तेव्हाही बायकोला त्यात शिक्षा नव्हती, फक्त परपुरुषाला होती.

आरोपीच्या बायकोला साक्षीला उभं करायचं असेल तर आणखी एक नाजूक नियम पाळा. लग्नाच्या नात्यात नवऱ्यानं बायकोला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय ती कोर्टात सांगू शकत नाही. एकमेकांविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला असेल तर गोष्ट वेगळी. पण तिनं डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगता येतं. 1954 च्या रामभरोसे खटल्यात बायकोनं सांगितलं, की नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठडीत गेला, बाहेर येऊन आंघोळ केली आणि धोतर नेसला. हे ग्राह्य धरलं गेलं. दागिने कुठून आणले हे त्यानं तिला जे सांगितलं, ते वगळलं गेलं. रंगमंचावर हा नियम हुकमी आहे. बायको बोलायला लागते, ‘त्यायनं मले सांगतलं...’ आणि बचावाचा वकील उठतो, हरकत. ती थांबते. मग ती फक्त पाहिलेलं सांगू लागते. पाय धुतले, सदरा चुलीपाशी ठेवला, जेवला नाही. तोंडून निघालेलं ऐकायला न मिळाल्यामुळे प्रेक्षक त्या सदऱ्याकडे जास्त निरखून पाहतो.

प्रयोगात बिघडतं ते बहुधा आवाजात. माइक वर टांगलेले असतात. म्हणून साक्षीदाराचा पिंजरा अगदी माइकखाली घ्या आणि आधी उभं राहून तपासा. पिंजरा हातभर जरी सरकला तरी मऊ आवाजातला प्रश्न मागे पोचत नाही, मग नट ओरडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ऑर्गन आणि ऑक्टोपॅडवाल्यांना आधी सांगून ठेवा, कडीच्या प्रश्नानंतर एक ठोकाही द्यायचा नाही. प्रॉम्प्टरला सांगा, की आरोपी थांबला आहे, विसरलेला नाही. संहितेत तिथे मोठ्या अक्षरात ‘थांबा’ लिहा. सरतपासणी आणि उलटतपासणीच्या मध्ये लावणी घालू नका. गाणं द्यायचं तर पुरशीस दिल्यानंतर द्या.

निकाल. न्यायाधीश दोषी ठरवतात आणि त्याच दमात शिक्षा सुनावतात, असं आपण दाखवतो. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे, पण 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच, आणि तीही उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय देता येत नाही. पोराची साक्ष मानली गेली, तर नव्या संहितेप्रमाणे 105 खाली येईल. मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं कैद आणि दंड, हेतू नसून नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोणता निकाल घ्यायचा ते लेखकानं ठरवावं. माझं मत 105 च्या बाजूनं आहे, कारण सुटका दाखवली तर मेलेल्या माणसाचं घर नाटकातून पुसलं जातं.

‘शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?’ असं न्यायाधीश विचारतात. तिथे आरोपीला भाषण देऊ नका. त्यानं एवढंच म्हणावं, ‘बैलायले पानी कोन पाजते जी आता.’ स्टेनो ते वाक्य लिहून घेतो. वकील फाइल बांधतो, नाडीची गाठ एकदा सुटते, तो ती परत बांधतो. पट्टेवाला दारात जाऊन पुढच्या खटल्यातलं नाव पुकारतो आणि पडदा पडतो.